मी त्या दिवशी हजर होते

देवजीभाऊ,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. साइटच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला होता, खाली जोडलेले हात आणि एक ओळ, 'आमचे प्रामाणिक सहकारी'. फोटो जुना होता, पिवळ्या हेल्मेटमधला, तुमचे दोन्ही डोळे सरळ बघत असतानाचा. ज्या माणसाने तो टाकला, त्यानेच आठ महिन्यांपूर्वी कंपनीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं होतं की तुम्ही परांचीवरून तोल जाऊन पडलात. मी फोन भिंतीवर फेकला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तर मी जमिनीवर बसून काचा गोळा करत होते आणि बोटातून रक्त येत होतं. बरं वाटत होतं मला, खोटं कशाला सांगू.

तुम्ही कोण होतात, कुठे जन्मलात, मागे कोण कोण आहे, हे त्या ग्रुपवर सगळ्यांनी लिहून झालंय. मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही असताना आठ महिने वेळ होता, तेव्हा नाही बोलले.

तलासरीच्या पूर्वेला डोंगरात पुलाचं काम लागलं, तेव्हा मी प्लॅनिंगला आले. नरपडहून स्कूटरने डहाणू, तिथून कंपनीच्या जीपने साइट. माझं काम मजुरीचा खर्च मांडायचं. किती माणसं, किती तास, कुठल्या कामावर, आणि त्या तासांत किती टन सळई बांधली, किती काँक्रीट ओतलं. भागाकार केला की एका टनाला मजुरी किती पडली ते निघतं. टेंडरमध्ये धरली होती त्याहून जास्त निघाली की मुंबईच्या ऑफिसातून फोन येतो. एवढीच माझी नोकरी. आणि तुमची नोकरी हजेरी घ्यायची. तुमच्या मस्टरचं पान संध्याकाळी माझ्या टेबलावर यायचं आणि माझं सगळं गणित त्या एका पानावर उभं राहायचं.

मला रुजू होऊन चौथा दिवस होता. स्टील बांधणाऱ्या दोन टोळ्या, एक तलासरीकडची आणि एक बाहेरून आणलेली, पाण्याच्या ड्रमवरून भिडल्या. आधी शिव्या, मग धक्काबुक्की, आणि बघता बघता सळया उपसल्या गेल्या. एकाचा कान अर्धा फाटून लोंबत होता आणि तो तसाच मारत होता. सुपरवायझर जीपमध्ये जाऊन बसला. मी केबिनच्या पायरीवर थिजले. तुम्ही मात्र मस्टर छातीशी धरून सरळ त्या गर्दीत शिरलात आणि मोठमोठ्याने हजेरी घ्यायला लागलात.

"शिडवा! लाडक्या! राजेश! ओ राजेश, हाय का मेला?"

रोज सकाळी तोच आवाज, तीच नावं. चार-पाच जणांच्या तोंडून सवयीनेच 'हजर' निघून गेलं. सळई उगारलेली आणि तोंडाने 'हजर'. कुणीतरी हसलं. तुम्ही थांबला नाहीत. दुसऱ्या टोळीचीही नावं घेतलीत, त्यांच्या बोलीच्या वळणाने, एकही न चुकता. यादी संपेपर्यंत सळया खाली आल्या होत्या. मग तुम्ही त्या फाटक्या कानावर स्वतःचा रुमाल दाबलात आणि त्याला म्हणालात, "तुझा आजचा दिवस पूर्ण लिहिला. आता जा दवाखान्यात."

संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, "देवजीभाऊ, हे चाळीस माणसांचे दोन तास कुठल्या कामावर टाकू?"

"मारामारीचा खाना नाय तुझ्याकडे?"

"नाही."

"मग बनव, बाय. लागंल तुला."

त्या दिवसापासून तुम्ही मला 'बाय' म्हणायला लागलात. बाकी सगळ्यांची मी मॅडम होते.

मोजायला तुम्हीच शिकवलंत मला. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मी टोळीसमोर उभी राहून डोकी मोजायचे आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. तुम्ही मला आंब्याच्या झाडाखाली नेलंत. फांद्यांना फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या लटकत होत्या, बुंध्याशी स्टीलचे डबे. "माणूस फिरत ऱ्हातो. एक इकडून तिकडं गेला की तू त्याला दोनदा मोजतेस. भाकर फिरत नाय. ही मोज." त्यानंतर माझा आकडा कधी चुकला नाही.

भांडलोही तितकेच. तुमच्या मस्टरमध्ये तुम्ही एक खूण काढली होती, 'थां'. थांबले. काँक्रीटची गाडी आली नाही म्हणून थांबले, क्रेन बिघडली म्हणून थांबले, ड्रॉइंग बदललं म्हणून थांबले. माणसामाणसापुढे तास लिहायचात. मी ते तास उचलून सरळ कामाच्या तासांत मिसळायचे. मुंबईच्या तक्त्यात 'थांबले' असा रकाना नव्हता आणि मला नव्याने कुणाशी वाद घालायचा नव्हता.

"थांबलेल्या माणसाला तू काम केला असा लिहितेस," तुम्ही म्हणायचात.

"मजुरी तर पूर्ण देतोय ना त्याला? मग त्याचं काय बिघडलं?"

"आज नाय बिघडला. पण तिकडं साहेब काय वाचंल? एवढी माणसा, एवढे तास, आन काम एवढाच? म्हणजे माणसा जास्त झाली. कमी करा."

"असं काही होत नाही, देवजीभाऊ."

झालं. महिनाभरात मेल आला की सळई बांधण्याचा खर्च टनामागे फार दिसतोय, खांबाची टोळी बाराची आठ करा. मी त्या मेलला 'नोंद घेतली' असं उत्तर दिलं. चार माणसं घरी गेली. तुम्ही माझ्या केबिनमध्ये आलात, त्या चार नावांवर रेघ मारलेलं मस्टर टेबलावर ठेवलंत आणि निघून गेलात. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खांबाचा सळयांचा पिंजरा उभा करताना चारी बाजूंनी दोर ताणून धरायचे असतात. बारा जण असताना दर दोराला तीन यायचे. आठात दोन. त्या दुपारी वारा होता. पिंजरा एका बाजूला कलला, दोघांच्या हातून दोर सुटला आणि दोन मजले उंच लोखंड तिरकं होत होत खाली आलं. आवाज असा झाला की पलीकडच्या डोंगरातली गुरं उधळली. शिडवाचा पाय मांडीपासून खाली सापडला होता. तो ओरडत नव्हता, नुसता श्वास घेत होता, कुत्र्यासारखा, भराभर. तुम्ही कटर मागवलात आणि एकेक सळई कापून काढेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसलात. पाय डॉक्टरांना वाचवता आला नाही.

त्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात तेव्हा तुमचा सदरा पोटापासून खाली लाल होता. मस्टर माझ्या कीबोर्डवर आपटलंत. कागदावर शिडवाचं रक्त होतं, ते कळांमध्ये गेलं.

"लिही," म्हणालात. "कुठं लिहितेस ते मला बघायचा हाय."

मी रडायला लागले. तुम्ही थांबलाही नाहीत.

त्यानंतर मी तो रकाना उघडला. मुंबईला विचारलंच नाही. 'थांबले' असा वेगळा रकाना, त्याच्यापुढे कारण आणि कुणामुळे ते. तुमच्या जुन्या पानांवरून मागचे चार महिने भरून काढले. तुम्ही रोज जेवण झाल्यावर येऊन बसायचात, मी वाचायचे, तुम्ही दुरुस्त करायचात. माफी मी मागितली नाही आणि तुम्हीही मला ती मागायला लावली नाहीत. एका रविवारी सोनीवहिनींना घेऊन नरपडला आलात, नागलीचं पीठ घेऊन. वहिनींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि त्या लाटेकडे पाठ करून बसल्या, म्हणाल्या, "हा कधी थांबतच नाय का?" तुम्ही माझ्याकडे बघून इतके हसलात की माझ्या बाबांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

रकाना वेगळा केला आणि खरे तास उघडे पडले. त्याबरोबर दुसरंही काही उघडं पडलं. स्टीलच्या ठेकेदाराच्या बिलात रोज साठ माणसं होती. आपल्या मस्टरला एकेचाळीस. आधी सगळं एकत्र कालवलेलं होतं तेव्हा हे झाकलं जायचं. आता एकोणीस माणसं अशी होती की जी ना काम करत होती, ना थांबत होती. मी झाडाखाली जाऊन सलग सहा दिवस फडकी आणि डबे मोजले. एकेचाळीसच्या वर कधी गेले नाहीत.

तुम्हाला दाखवलं. तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही. म्हणालात, "मला दोनदा बोलले ते, साठ लिही म्हणून. मी नाय लिहिला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू काय केला असतास?"

मी म्हटलं, आता वर कळवते. तुम्ही मस्टर मिटलंत. मग म्हणालात, "कळव. पण माझा नाव नको घालू, बाय. तू डहाणूला जाशील, तिकडून मुंबईला जाशील. मला हितंच ऱ्हायचा हाय."

मी म्हटलं, "नाव येणार नाही. शब्द देते."

आता ऐका, देवजीभाऊ. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. मी मेल लिहिला, त्यात नाव नव्हतं. प्रोजेक्ट मॅनेजरने मला बोलावून विचारलं, "पुरावा काय? नुसता तुमचा तक्ता? उद्या तो ठेकेदार म्हणेल मॅडमने मनाने भरला." मला ते लागलं. माझं काम कुणी खोटं म्हणावं, हे मला सहन झालं नाही. त्याच बैठकीत मी तुमच्या मस्टरच्या सहा पानांचे फोटो काढून पाठवले. प्रत्येक पानाखाली तुमची सही होती. त्याने तो मेल तसाच ठेकेदाराला पुढे ढकलला, मला प्रत ठेवून, वर तीन शब्द घालून, 'कृपया खुलासा करावा'. खुलासा चौथ्या दिवशी आला.

दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. माणसं नदीच्या अंगाला जेवायला गेली होती. मी केबिनमध्ये, त्या लोखंडी कंटेनरमध्ये. तुम्ही स्टील यार्डाच्या सावलीत भाकर सोडत होतात. चौघं आले. दोघांना मी ओळखत होते, ठेकेदाराचा सुपरवायझर आणि त्याचा भाऊ. पहिला पाइप तुमच्या नडगीवर बसला, बसलेले असतानाच. शटरिंगचा पाइप, आत पोकळ, त्याचा आवाज घंटेसारखा आला. तुम्ही उठलात, पडलात, परत उठलात आणि माझ्या केबिनकडे धावलात. तीस पावलं असतील. एक पाय ओढत धावत होतात आणि मागून मारत होते.

मी खुर्चीवरून उठले, दाराकडे गेले. उघडायलाच गेले होते, असं मी स्वतःला शंभर वेळा सांगितलंय. हात कडीपर्यंत गेला आणि त्याने कडी लावली.

"बाय! बाय, उघड!"

तुम्ही दोन्ही हातांनी दार बडवत होतात. नंतर दुसरेच आवाज यायला लागले. पत्र्याला आतून पोचे उठताना मी पाहिले, एक माझ्या डोक्याच्या उंचीला, एक कमरेपाशी, मग खाली, खाली. त्यांच्यातला एक हिंदीत म्हणत होता, "बहुत लिखता है ना तू? अब लिख." आणि तुमच्या उजव्या हातावर काहीतरी आपटलं, कारण तुमचा तेव्हाचा आवाज मी आधी कुठल्याही माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी टेबलाखाली बसले होते. माझ्या तोंडात माझीच ओढणी होती.

ते गेले. तुमचाही आवाज थांबला. लांबून माणसं ओरडत येताना ऐकू आली. तेव्हा मी काय केलं, तर समोरचं दार उघडायचं सोडून मागच्या खिडकीतून उडी मारली आणि गोल वळसा घालून काँक्रीट प्लांटच्या रस्त्याने पळत आले, जणू आत्ताच तिकडून येतेय. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुम्ही कुठे होता?" मी म्हटलं, "प्लांटवर." पोलिसांनाही तेच सांगितलं. एका वाक्यात संपलं. कुणी पुन्हा विचारलं नाही. त्या चौघांना धरलं, तेव्हा ते म्हणाले की म्हातारा परांचीवरून पडला. ज्यांनी पाहिलं होतं ते त्यांचेच होते. दोन महिन्यांत चौघंही जामिनावर बाहेर आले आणि त्यातला एक त्याच साइटवर परत दिसायला लागला.

तुमचं डोकं शिवलं. डाव्या डोळ्याने तुम्हाला दोन-दोन दिसायला लागलं. उजव्या हाताची तीन बोटं वळेनात. मग फिट यायला लागली. मी महिन्यातून एकदा तुमच्या घरी यायचे, डहाणूहून गोळ्या घेऊन. यायच्या आधी दर वेळी जीपमध्ये वाक्य जुळवायचे, आणि दर वेळी तुम्हीच आधी विचारायचात, "तू बरी ना, बाय? तुला कोन काय बोलत नाय ना?" मग मी जुळवलेलं सोडून गोळ्यांच्या वेळा सांगत बसायचे. तुम्ही डाव्या हाताने लिहायला शिकत होतात. नातवाच्या पाटीवर, वाकडीतिकडी अक्षरं. एकदा मला म्हणालात, "थांबला त्याचा पैसा ज्याच्यामुळे थांबला त्याच्याकडून कापायला पायजे. नुसता लिहून काय?" मी म्हटलं टेंडरमध्ये तशी सोय नाही. तुम्ही म्हणालात, "मग टेंडर चुकीचा हाय." तो वाद तिथेच राहिला. तुम्ही बरोबर होतात. आता मान्य करते.

भाताची आवणी चालू झाली आणि तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. वहिनींनी सांगितलं, एकट्याने शेतात उतरू नका. तुम्ही सकाळी रोपांच्या मुठी टाकायला म्हणून गेलात. फिट आली आणि तुम्ही पालथे पडलात. घोट्याएवढं पाणी. वहिनी भाकर घेऊन आल्या तेव्हा तुमचा चेहरा चिखलात रुतलेला होता आणि डावी मूठ मातीने भरलेली. लढलात तुम्ही. चिखलात बोटांनी ओढलेल्या रेघा होत्या, त्यांनी मला हाताने दाखवल्या, किती लांब. डॉक्टर म्हणाले फिटमुळे. मला मात्र दिसत होता तो पाइप, आणि आठ महिन्यांनी पूर्ण झालेला त्याचा घाव.

तुम्हाला नेलं तेव्हा मी मागे उभी होते. ठेकेदाराचा एक माणूस हार घेऊन आला होता. माझ्या हातात काही असतं तर मी त्याच्या तोंडावर मारलं असतं. पण माझ्या हातात काही नव्हतं, आणि कडी हातात होती तेव्हा तरी मी काय केलं होतं?

परवा सोनीवहिनींकडे गेले. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढला. तुमच्या जबाबाची नक्कल. म्हणाल्या, "त्यानं सांगितलेला हाय हा. मला वाचता येत नाय. त्यानं कधी वाचून दाखवला नाय. तू वाच, मला ऐकायचा हाय."

मी वाचायला लागले. नाव, वय, गाव, कामाचं स्वरूप. चौघांची नावं. पहिला फटका कुठे, दुसरा कुठे. सगळं अगदी तुमच्या मस्टरसारखं, एकेक तपशील जागच्या जागी. आणि मग ही ओळ आली. 'मी पळत ऑफिसच्या केबिनकडे गेलो. मॅडम त्या वेळी प्लांटवर गेलेल्या होत्या. केबिनला बाहेरून कुलूप होते. आत कोणी नव्हते.'

मी कागद खाली ठेवला.

माझी चप्पल पायरीवर होती, देवजीभाऊ. त्या दारावर पडलात तेव्हा तुमच्या तोंडासमोर होती. साक्ष माझी एकटीचीच होती आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकलीत. आयुष्यात कुणाची खोटी हजेरी लावली नाहीत. माझ्यासाठी खोटी गैरहजेरी लावलीत, आणि तिच्यापायी ते चौघं मोकळे फिरले.

"पुढं?" वहिनी म्हणाल्या. "पुढं वाच ना."

मी म्हटलं, "वहिनी, हे खरं नाही. मी आत होते. मीच कडी लावली होती." आणि मग सगळं सांगितलं. मेल, सह्या, फोटो, खिडकी. थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते, म्हणून थांबलेच नाही.

त्यांनी कागद पेटीत ठेवला. मग उठल्या आणि माझ्या केसांना धरलं. तोंडावर मारलं, पाठीत मारलं, डोकं भिंतीवर आपटलं. भिंत कुडाची, शेणामातीने सारवलेली, फारसं लागलं नाही, तसं त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मला ओढत दाराच्या चौकटीपाशी नेलं आणि तिथे आपटलं. मी हात वर केला नाही. त्यांचं मारणं संपलं ते दमल्यामुळे. मग उंबऱ्यावर बसल्या आणि ओरडल्या, तुमचं नाव घेऊन, असं की वाडीतली माणसं घराबाहेर आली.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या कपाळावरचं रक्त पदराने पुसलं. हलक्या हाताने नाही. एखादं भांडं घासावं तसं.

"ऊठ," म्हणाल्या.

"कुठे?"

"ठाण्यात. आत्ताच्या आत्ता. उद्या तुला परत भेव वाटंल."

वडापच्या जीपमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो. माझा डोळा सुजत होता. लोक बघत होते. वहिनींनी वाटेत एकच प्रश्न विचारला, "तो बाय बाय करून हाका मारत होता का?" मी हो म्हटलं. त्यांनी तोंड बाहेर वळवलं आणि उतरेपर्यंत तसंच ठेवलं.

ठाण्यात बसलेले हवालदार शांत माणूस होते. त्यांनी मला पाणी दिलं, कपाळाला काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, पडले. वहिनी म्हणाल्या, "पडली नाय. मी मारला." त्यांनी दोघींकडे बघितलं आणि ते लिहिलं नाही. मग मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले, दोन तासांहून जास्त. चौघांची नावं, कोण पुढे होता, पाइप कुणाच्या हातात होता, ते हिंदी वाक्य कुणाचं. मी तडकलेल्या फोनमधला तो पुढे ढकललेला मेल दाखवला. उद्या नोकरी जाईल. काल रात्री बाबांना एक फोन येऊन गेला, मुलीला समजवा म्हणून. बाबांनी फोन ठेवला. ते म्हणाले, तू सांगितलंस ते सांगितलंस, आता मागे फिरू नकोस. कोर्टात काय होईल मला माहीत नाही. वकील म्हणतो, इतक्या उशिरा आलेल्या साक्षीदाराला ते लोक फाडून खातील. खाऊ देत.

पण तुम्हाला जे सांगायला मी हे लिहायला बसले, ते असं. सगळं लिहून झाल्यावर हवालदारांनी तुमचा जुना जबाब काढला, माझ्या जबाबाशेजारी ठेवला, आणि दोन्ही कागदांवर एकेक बोट टेकवून विचारलं, "मॅडम, मयताने सांगितलंय की तुम्ही तिथे नव्हताच. म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोललंय. कोण?"

वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "आधी मी. मग माझ्यासाठी ते."

हवालदार म्हणाले, "म्हणजे देवजी खोटं बोलले, असं लिहू?"

लिहा, म्हटलं मी. आणि त्यांनी लिहिलं. देवजीभाऊ, तुमच्याबद्दल हे वाक्य मला सही करून द्यावं लागलं.